आजी-आजोबांची मोजणी : हॅम्बर्गच्या दोन मुलांची दोन पुस्तके

हॅम्बर्ग शहरात बार्मबेक नावाची जुनी कामगार वस्ती आहे. गेल्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात या एकाच वस्तीत दोन मुलगे वाढत होते. एकाची आई जर्मन आणि वडील लायबेरियाचे, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतले. दुसऱ्याची आई ज्यू, वडील सिसिलीहून आलेल्या इटालियन घराण्यातले. दोघेही हिटलरच्या राज्यातून जिवंत बाहेर पडले, दोघेही पुढे पत्रकार झाले आणि दोघांनीही आपले बालपण म्हातारपणाकडे झुकताना कागदावर उतरवले. राल्फ जोर्दानो याची ‘दी बेर्तिनीस’ ही कादंबरी १९८२ साली निघाली. हान्स मासाकॉय याचे ‘डेस्टिन्ड टू विटनेस’ हे आत्मचरित्र १९९९ साली आले. युद्धाच्या काळात जोर्दानो कुटुंबाची आणि मासाकॉयची ओळख झाली होती, मैत्री होती, आणि ती पुढे टिकली. म्हणजे ही दोन पुस्तके एकमेकांच्या शेजारची आहेत, आणि मला वाटते ती शेजारी ठेवूनच वाचावीत.

मासाकॉयचे पुस्तक मी इंग्रजीत वाचले. जोर्दानोची कादंबरी जर्मन भाषेत आहे आणि ती चांगली जाडजूड आहे. आमच्या इमारतीत एक यक्का बाई राहतात, वय नव्वदीच्या पुढे. त्या मला वाचून दाखवत आणि हिब्रूत अर्थ सांगत. मध्येच पुस्तक मिटून गप्प बसत, मग मीही गप्प बसे. असे सात-आठ महिने चालले. तेव्हा या कादंबरीच्या भाषेच्या सौंदर्याविषयी मी बोलू नये हे बरे. पण माणसे आणि प्रसंग मला पुरते समजले.

वाचकांपैकी कुणी म्हणेल, शोआवरची पुस्तके आपण पुष्कळ वाचली, योम हाशोआला दरवर्षी ऐकतो, आता आणखी दोन कशाला? माझे उत्तर असे की ही पुस्तके छावण्यांची नाहीत. ही घरांची पुस्तके आहेत. स्वयंपाकघरात आई एका जगातली आणि दिवाणखान्यात बाप दुसऱ्या जगातला, आणि दाराबाहेर सरकार हातात पाटी-पेन्सिल घेऊन उभे : या पोराचे आजी-आजोबा किती कुठले, मोजू द्या. आज आपल्यात कुणाचा जावई मोरोक्कोचा आहे, कुणाची सून रुमानियाची. मुंबई-ठाण्यात राहिलेल्यांच्या घरी हिंदू आणि ख्रिस्ती सोयरे आले आहेत. नातवंडे दोन-दोन, तीन-तीन तऱ्हांची आहेत. त्यांना आतून काय वाटते हे आपण विचारत नाही, आणि विचारले तरी ती सांगणार नाहीत. पुस्तकातली मुले सांगतात.

आधी मासाकॉय. त्याचा जन्म १९ जानेवारी १९२६ चा. आजोबा मोमोलू मासाकॉय हे हॅम्बर्गमध्ये लायबेरियाचे महावाणिज्यदूत होते. श्रीमंत वस्तीत बंगला, नोकरचाकर, गोऱ्या पाहुण्यांची ये-जा. वडील अल-हाज डब्लिनला कायदा शिकत होते आणि घरी पाहुण्यासारखे यायचे. आई बेर्ता बेट्स रुग्णालयात काम करणारी साधी जर्मन बाई. लहानग्या हान्सच्या दृष्टीने काळा रंग म्हणजे मोठेपणाचा रंग होता. आजोबा काळे आणि सगळे गोरे त्यांच्यापुढे वाकतात, मग दुसरे काय वाटणार? १९२९ साली आजोबा परत गेले, वडीलही गेले, आणि आई मुलाला घेऊन बार्मबेकच्या एका लहानशा बिऱ्हाडात आली. बंगल्यातून चाळीत म्हणा ना! तिथे त्याला कळले की या रंगाचा अर्थ रस्त्यागणिक बदलतो. रस्त्यावरची पोरे त्याला चिडवायला एक तुकबंदी म्हणत, काळ्या माणसाची आणि धुराडे साफ करणाऱ्याची. जर्मन आवृत्तीला हीच तुकबंदी शीर्षक म्हणून देण्यात आली. मला ते शीर्षक आवडले नाही. खपासाठी ठीक असेल, पण पुस्तकात जी नजर आहे ती एवढी स्वस्त नाही.

या पुस्तकातला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग स्वेटरचा आहे आणि तो प्रसिद्ध व्हावा असाच आहे. १९३३ साल. हिटलर नुकताच सत्तेवर आला होता. मिरवणुका, बँड, झेंडे. सात वर्षांच्या पोराला काय, जिथे ढोल वाजतो तिकडे पाय वळतात. सांभाळणाऱ्या बाईकडून त्याने आपल्या स्वेटरवर स्वस्तिक शिवून घेतले आणि ऐटीत शाळेत गेला. संध्याकाळी आईने ते काढून टाकले. पण त्याआधी शाळेच्या आवारात कुणीतरी फोटो घेतला होता. तो फोटो पुस्तकात आहे : गोऱ्या पोरांच्या घोळक्यात एक सावळा, कुरळ्या केसांचा मुलगा, छातीवर ते चिन्ह, आणि चेहऱ्यावर समाधान, की मीही यांच्यातलाच.

आपल्याला इथे क्षणभर अडखळायला होते. मुंबईत आपण ते चिन्ह शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावर, रांगोळीत, दिवाळीच्या चोपड्यांवर पाहत मोठे झालो आणि त्याचे काही वाटले नाही. इथे आल्यावर वाटू लागले. चिन्ह तेच, पण बघणारा डोळा कुठे वाढला त्यावर सगळे असते. हान्सच्या डोळ्याला त्यात फक्त ‘आपल्या शाळेची सगळी मुले’ दिसत होती.

दुसरा एक प्रसंग त्याहून मला अधिक लागला. सगळा वर्ग हिटलरच्या बालसंघटनेत भरती झाला तर सुटी मिळेल असे शाळेत जाहीर झाले. वर्गशिक्षकाने फळ्यावर तक्ता काढला, प्रत्येक मुलाला एक चौकोन. जो भरती होईल त्याचा चौकोन भरायचा. शेवटी एकच मोकळा राहिला, हान्सचा. त्याला वाटले, आईला विचारून आपणही नाव घालू, वर्गाला सुटी मिळवून देऊ. शिक्षकाने त्याचा चौकोनच पुसून टाकला आणि वर्ग पूर्ण झाला.

असे प्रसंग लिहिताना मासाकॉय रडारड करत नाही. त्याची लेखणी मासिकाच्या संपादकाची आहे. अमेरिकेत ‘एबनी’ मासिकात त्याने आयुष्य काढले. वाक्ये सरळ, विनोद जागच्या जागी, आणि मुलाला तेव्हा जेवढे कळत होते तेवढेच सांगायचे, नंतरचे शहाणपण मागाहून त्याला चिकटवायचे नाही, हा त्याचा नियम. त्यामुळे हागेनबेकच्या प्राणीबागेतला प्रसंग वाचताना अंगावर काटा येतो. त्या काळी तिथे प्राण्यांबरोबर आफ्रिकेची माणसेही, त्यांच्या झोपड्यांसकट, पाहायला ठेवत. मुलगा आईचा हात धरून बघ्यांत उभा आहे. आतल्यांपैकी कुणाचे तरी लक्ष त्याच्याकडे जाते, आणि बघता बघता बाहेरचे बघे कुंपणाकडे पाठ करून त्यालाच पाहू लागतात. एवढेच. पण तो दिवस तो विसरला नाही.

आता जोर्दानो. तो १९२३ चा, मासाकॉयपेक्षा तीन वर्षांनी मोठा. वडील पियानोवादक, आई पियानो शिकवणारी, आणि घरी पैशांची कायमची ओढाताण. १९३५ च्या उन्हाळ्यात गल्लीतल्या जिवलग मित्राने त्याला सांगितले की यापुढे आम्ही तुझ्याशी खेळणार नाही, तू ज्यू आहेस. हे त्याने पुढे आयुष्यभर अनेकदा सांगितले. छळ, चौकशा, मारहाण यांतून गेलेला हा माणूस, पण बोलताना पुन्हा पुन्हा त्या एका वाक्याकडे वळत असे. कादंबरीत त्याने स्वतःला रोमान बेर्तिनी हे नाव दिले, आईला लेआ आणि वडिलांना आल्फ. कादंबरी असली तरी ती कुणाची गोष्ट आहे याविषयी त्याने कधी लपवाछपवी केली नाही. १९८८ साली एगॉन मोंक या दिग्दर्शकाने तिच्यावर जर्मन दूरदर्शनसाठी मालिका केली आणि ज्यांनी पुस्तक उघडले नव्हते त्यांच्याही घरात बेर्तिनी कुटुंब पोहोचले.

इथे कायदा थोडा समजून घेतला पाहिजे, नाहीतर कादंबरीतला ताण कळत नाही. सप्टेंबर १९३५ मध्ये न्युरेंबर्गचे कायदे झाले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांचे नियम निघाले. तीन किंवा चार आजी-आजोबा ज्यू असले तर तो माणूस ज्यू. दोन असले तर पहिल्या दर्जाचा मिश्र, तोही धर्माने ज्यू समाजात नोंदलेला नसेल आणि ज्यू व्यक्तीशी लग्न केलेले नसेल तरच. एक असला तर दुसऱ्या दर्जाचा मिश्र. आता गंमत पाहा, जर तिला गंमत म्हणायचे असेल तर. आजोबा ज्यू होते हे ठरवायचे कसे? रक्त तपासून? ते तर शक्यच नव्हते. आजोबांचे नाव कोणत्या धर्मसंस्थेच्या वहीत आहे ते पाहायचे. वंशाचे शास्त्र म्हणून डांगोरा पिटला आणि शेवटी अडकले येऊन चर्चच्या आणि सिनेगॉगच्या जन्म-मृत्यूच्या वह्यांपाशी.

आपल्या धर्मशास्त्राप्रमाणे राल्फ जोर्दानो पूर्ण ज्यू, कारण आई ज्यू. जर्मन सरकारच्या हिशेबाने अर्धा. आणि वडिलांच्या घराण्यात तर नाताळ आणि इटालियन ऑपेरा. या तिन्ही हिशेबांत मुलाला कुणी विचारले नव्हते.

वडील ज्यू नसल्याने आईला काहीसे संरक्षण होते. अशा लग्नांतला ज्यू नसलेला जोडीदार जिवंत आहे आणि त्याने घटस्फोट घेतलेला नाही तोवर पूर्वेकडे पाठवणी टळे. जोडीदार मेला किंवा सोडून गेला की ते छत्र गेले. १९४३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बर्लिनच्या रोझेनश्ट्रासे या रस्त्यावर अशा नवऱ्यांच्या जर्मन बायका दिवसचे दिवस उभ्या राहिल्या आणि त्यांचे नवरे सुटले, ही हकीकत आता चित्रपटामुळे पुष्कळांना ठाऊक आहे. पण रस्त्यावर न येता, घरात नुसते नांदत राहून ज्यांनी जोडीदार वाचवला त्यांची हकीकत कोण सांगणार?

आणि इथेच माझे जोर्दानोशी भांडण आहे. कादंबरीतला बाप आल्फ बेर्तिनी हा अत्यंत असह्य माणूस आहे. स्वतःला मोठा संगीतकार समजणारा, जगाने आपल्याला ओळखले नाही म्हणून कुढणारा, बायकामुलांवर डाफरणारा, संकटात डोके गमावणारा. यक्का बाई वाचता वाचता म्हणत, ‘असा एक आमच्याही गल्लीत होता.’ लेखकाने या बापाला कुठेही सोडलेले नाही. पानामागून पान त्याची फजिती चालू. पण हाच निरुपयोगी माणूस बारा वर्षे बायकोला सोडून गेला नाही. दबाव होता, सोडले असते तर सुटका होती, आणि काही जणांनी तसे केलेही. हा राहिला. प्रेमाने राहिला, सवयीने राहिला की जायला दुसरी जागा नव्हती म्हणून राहिला, कोण जाणे. तो तिथे बसून बडबडत होता तोवर लेआ जिवंत होती. मुलाच्या रागामागे हे दडून जाते. लेखक मोठा झाला, साठीला आला, तरी बापाच्या बाबतीत त्याची लेखणी पंधरा वर्षांच्या पोराचीच राहिली. कादंबरीचा हा दोष मी मानतो. पण कदाचित मिश्र घरात वाढलेल्या मुलाला असा बाप न्याय देऊन पाहणे सर्वांत अवघड जात असेल. एक पालक छळ सोसतो आणि दुसरा नुसता असतो. नुसता असलेल्यावर राग काढणे सोपे पडते.

आईच्या बाबतीत दोन्ही पुस्तके सख्ख्या भावांसारखी आहेत आणि तरी अगदी उलट आहेत. मासाकॉयची आई जर्मन. कायद्याने तिच्या केसालाही धक्का लागला नसता. मुलाला कुठेतरी देऊन टाकले असते, दुसरे लग्न केले असते, तर कुणी बोल लावला नसता. तिने नोकरी गमावली, मोलमजुरी केली आणि मुलाला सोडले नाही. तिथे आई ही मुलाची ढाल आहे. जोर्दानोच्या घरी आईच संकटाचे कारण, आणि मुलगे आईची ढाल. रोमानजवळ पिस्तूल आहे. शत्रूसाठी नव्हे. आईला न्यायला आले तर तिला त्यांच्या हाती पडू द्यायचे नाही, त्याआधी आपणच, असा त्याचा बेत आहे. हे पान वाचून झाल्यावर यक्का बाईंनी त्या दिवशी पुढे वाचले नाही.

फेब्रुवारी १९४५ मध्ये जोर्दानोच्या आईला हजर होण्याचा हुकूम आलाच. युद्ध हरत आलेले, शहर बेचिराख, आणि कचेरीतली माणसे तरीही याद्या पुऱ्या करत बसलेली! मग सगळे कुटुंब एका तळघरात लपले. ओल, उंदीर, उपासमार. ४ मे रोजी इंग्रजी फौजा येईपर्यंत ते तिथेच होते. कादंबरीतली ही शेवटची शे-दीडशे पाने अशी आहेत की आधीचा सगळा पसारा, नातेवाइकांची गर्दी, जागोजागी चढलेला आवाज, हे सर्व माफ करावे. मासाकॉयच्या पुस्तकात जुलै १९४३ च्या बॉम्बहल्ल्यांचे वर्णन असेच उभे राहते. आगीच्या वादळात हॅम्बर्गच्या हजारो लोकांचा बळी गेला. रंगावरून ज्याला सैन्यात घेतले नाही, तो मुलगा त्याच नागरिकांबरोबर त्याच आश्रयस्थानात बसला होता.

मासाकॉय वाचला कसा? त्याचे स्वतःचे उत्तर असे की काळे लोक जर्मनीत इतके थोडे होते की त्यांचा निकाल लावण्याची सरकारला घाई नव्हती. हे उत्तर अर्धेच आहे. ऱ्हाईन नदीच्या काठी पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच सैन्यात आलेल्या आफ्रिकी शिपायांची आणि जर्मन स्त्रियांची सुमारे ४०० मुले होती. १९३७ साली त्यांना गुपचूप धरून नेऊन त्यांची नसबंदी करण्यात आली. त्या मुलांची तपासणी करून शिक्के मारणाऱ्यांत बर्लिनच्या एका मोठ्या संस्थेचे शास्त्रज्ञ होते. मानवशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांची ती कैसर विल्हेल्म संस्था, आणि तिचे प्रमुख ऑयगेन फिशर. या फिशरने १९१३ साली दक्षिण-पश्चिम आफ्रिकेतल्या मिश्र वंशाच्या रेहोबोथ लोकांवर ग्रंथ लिहून नाव कमावले होते. मिश्र संतती हा त्याचा जन्माचा विषय.

मराठी वाचकाला हे नाव अनोळखी वाटेल, पण आपल्या इरावती कर्वे याच फिशरच्या हाताखाली डॉक्टरेट करायला गेल्या होत्या, हिटलर येण्याच्या काही वर्षे आधी. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावतीबाई तरुणपणी बर्लिनच्या दालेम भागात मानवी कवट्यांची मापे घेत बसल्या होत्या, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा. गुरुजींची अपेक्षा अशी होती की युरोपीय कवटीची ठेवण इतर वंशांहून वेगळी निघेल आणि तिच्यातून युरोपीय बुद्धीचे श्रेष्ठत्व सिद्ध होईल. बाईंनी मापे घेतली आणि तसा भेद सापडत नाही असे प्रबंधात मांडून मोकळ्या झाल्या. परक्या देशात, परक्या भाषेत, पदवी ज्याच्या हाती त्याच्यासमोर! मासाकॉयच्या पुस्तकात या संस्थेची हकीकत विस्ताराने यायला हवी होती असे मला वाटत राहिले. त्याच्या वाट्याला आलेले शिक्षक आणि पोलीस तो उत्तम रंगवतो, पण त्यांच्या डोक्यात हे भरवले कुठून, त्या कारखान्याकडे तो क्वचितच वळतो.

त्याच्या पुस्तकाचा दुसरा दोष म्हणजे शेवटचा भाग. १९४८ साली तो वडिलांकडे लायबेरियाला गेला, दोनएक वर्षांनी अमेरिकेला, तिथे सैन्यात, मग विद्यापीठात, मग मासिकात. सगळे खरे आणि सगळे कौतुकास्पद. पण पुस्तक इथे धावू लागते. यशामागून यश, मोठ्या माणसांच्या भेटी, तरुणपणीच्या मैत्रिणी. लायबेरियातला भाग मात्र थांबून वाचावा. ज्या बापाचा रंग आयुष्यभर वागवला, तो बाप भेटल्यावर परका निघाला, आणि ज्या देशात सगळे आपल्यासारखे दिसतात तिथेही हा ‘जर्मन’च ठरला. आपल्यापैकी ज्यांनी पन्नास-साठच्या दशकात बोटीतून किंवा विमानातून उतरून या भूमीवर पाय ठेवला त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. तिकडे होतो तेव्हा आपण शनवार तेली, इस्राएली. इकडे आलो आणि एका रात्रीत होदी, हिंदी झालो.

आता थोडे आपल्याकडे वळतो. काही वाचकांना हे रुचणार नाही.

आजी-आजोबांची मोजणी आपल्यालाही भोगावी लागली आहे. १९६१ साली मुख्य रब्बानूतने बेने इस्राएलांशी लग्ने करण्यास हरकत नाही असे ठरवले आणि १९६२ साली असे नियम काढले की विवाह नोंदवणाऱ्या रब्बीने आईच्या, आजीच्या, जमेल तितके मागे जाऊन चौकशी करावी, मध्येच कुणी परधर्मी आले होते का ते पाहावे. हा नियम आपल्याच समाजाचे नाव घेऊन केला होता. आमच्या आजीला विचारले असते तर तिने काय दाखवले असते? नागाव, पेण, रेवदंडा, अष्टमी इथल्या वह्या कुठल्या? आपल्याजवळ होती ती आडनावे. पेणकर, नागावकर, दिवेकर, केहिमकर. आडनाव म्हणजे गाव आणि गाव म्हणजे साक्ष. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे जेरुसलेममध्ये मुलाबाळांसह धरणे धरून बसली, ऑगस्टमध्ये केनेसेटची खास बैठक झाली, आणि तेव्हा कुठे त्या नियमातून आपल्या समाजाचे नाव वगळले गेले. हे वाचणाऱ्यांत त्या धरण्यात बसलेले आजही असतील.

न्युरेंबर्ग आणि हे एका तराजूत घालण्याचा वेडेपणा मी करणार नाही. तिकडे मोजणीच्या शेवटी गाडी उभी होती, इकडे फार तर लग्न अडत होते. पण ज्या मुलीला सांगितले जाते की तुझ्या आजीच्या आजीचे काय ते आधी सिद्ध कर, तिच्या पोटात जो गोळा येतो तो कसा असतो, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

आणि गोरे इस्राएल, काळे इस्राएल? हयीम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये लिहून ठेवलेल्या आणि १९३७ साली तेल अवीवला छापलेल्या आपल्या इतिहासात हा भेद आहे. ज्यांच्या घराण्यात परजातीची आई आली ते काळे. त्यांच्याशी सोयरीक नाही, त्यांच्या पंगतीला बसायचे नाही, सिनेगॉगमध्येही मान पाठीमागून. त्वचेच्या रंगाशी याचा संबंध असेलच असे नव्हते. काळ्यांत गोरे असत आणि गोऱ्यांत माझ्यासारखे. आता तो भेद मागे पडला, नव्या पिढीला हे शब्दही माहीत नाहीत. पण तो कुणी बाहेरून लादला नव्हता. मालिद्याचे ताट पुढे आल्यावर कुणी कुठे बसायचे हे आपल्याच वडीलधाऱ्यांनी ठरवले होते. वहीदेखील लागत नव्हती. आज्यांच्या तोंडी सगळी यादी पाठ असे. आपल्या समाजातल्या मिरियम जेकब मेंड्रेकर, म्हणजे पुढे मीरा महादेवन, यांनी समाजाबाहेर लग्न केले आणि १९६१ मध्ये ‘अपना घर’ ही हिंदी कादंबरी आपल्या माणसांवर लिहिली. ती त्या पिढीची जबानी, जिने उंबरठा ओलांडला. उंबरठ्याच्या आत जन्मलेल्या मुलाची जबानी हवी असेल तर ती मला हॅम्बर्गच्या या दोघांकडून मिळाली.

जोर्दानोच्या बाजूने एक गोष्ट सांगायची राहिली. तो जर्मनी सोडून गेला नाही. पुष्कळांनी विचारले, त्याने पुष्कळांना सुनावले. १९९२ साली म्योल्न गावात तुर्की कुटुंबांची घरे जाळण्यात आली तेव्हा सत्तरीला आलेला हा माणूस चॅन्सेलर कोल यांना उघड पत्र लिहून म्हणाला की सरकार रक्षण करत नसेल तर लोकांनी स्वतःचे रक्षण करावे. तळघरातला मुलगा त्याच्यात जागा होता. पुढे मुसलमानांविषयी आणि मशिदींविषयी तो जे बोलला ते मला पटले नाही, आमच्या यक्का बाईंना पटले. त्यावरून आमची एक संध्याकाळ वाया गेली. तो २०१४ मध्ये कोलोनला वारला. मासाकॉय त्याआधी, १९ जानेवारी २०१३ रोजी, आपल्या सत्त्याऐंशीव्या वाढदिवशी, अमेरिकेत.

मराठी माणसाला या घरांची थोडी ओळख आधीपासून होती असेही म्हणता येईल. मुंबईच्या चित्रकारांना उजेडात आणणारे टीकाकार रूडॉल्फ फॉन लायडन हे बर्लिनचे. घराणे ख्रिस्ती, पण वंशावळीत ज्यू. १९३३ साली ते मुंबईला आले आणि हुसेन, रझा, आरा यांच्याविषयी इथल्या वृत्तपत्रात लिहू लागले. ज्यांच्या वहीत ते बसत नव्हते त्यांच्या हातून सुटून ते आपल्या शहरात आले. अनिता देसाईंची आई जर्मन आणि वडील बंगाली. त्यांच्या ‘बाउमगार्टनर्स बॉम्बे’ या १९८८ च्या कादंबरीतला म्हातारा जर्मन ज्यू मुंबईच्या गल्लीत मांजरांना खाऊ घालत फिरतो. ती चांगली कादंबरी आहे, पण तिच्यावर स्वतंत्र लिहायला हवे.

वाचायचेच तर कुठून सुरुवात करावी, असे कुणी विचारले तर सांगेन, मासाकॉयपासून. इंग्रजी सोपे आहे, प्रकरणे छोटी आहेत, डोळ्यांना त्रास होत असेल तर नातवाकडून वाचून घेता येतील. युद्ध संपेपर्यंतचा भाग आणि लायबेरिया एवढे वाचले तरी पुरे. तो स्वेटरचा फोटो मात्र नातवाला दाखवा, आणि त्यातला मुलगा हसतोय का, हे त्यालाच विचारा. जोर्दानोसाठी जर्मन जाणणारा शेजारी आणि एक हिवाळा लागेल.